एकाच घरट्यातली घुबडाची पिल्लं वेगवेगळी का वागतात?
ठाण्यातल्या इमारतीच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडाचं एक पिल्लू पंख फडफडवत पुढे येतं, दुसरं कोपऱ्यातच बसतं. हे रक्तातलं का, असा तुमचा प्रश्न. आधी वय बघा! मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते, पण उबवायला पहिल्यापासूनच बसते. म्हणून भावंडांत आठवड्याचाही फरक पडतो. थोरलं साहजिकच धीट. उंदीर कमी मिळाले की धाकटं आणखी मागे.

रक्ताचा वाटा शोधायला अभ्यासक पिल्लांची घरट्यांमध्ये अदलाबदल करतात. वागणं जन्मदात्यांवर गेलं की पाळणाऱ्यांवर, ते कळतं. स्वित्झर्लंडमध्ये तांबूस पिसांची गव्हाणी घुबडं जन्मस्थळापासून जास्त लांब जाऊन वसलेली आढळली, आणि पिसांचा रंग बराचसा आनुवंशिक असतो. म्हणजे अशा वागण्यात रक्ताचाही वाटा असू शकतो. तुमच्या डक्टमध्ये मात्र मला वयच दिसतंय.