शाळेतल्या रिकाम्या खोलीसाठी पंचायतीचा पैसा

प्रश्न : आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावातून दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात, मुलं आजी-आजोबांकडे राहतात. जिल्हा परिषद शाळेच्या रिकाम्या खोलीत या घरांसाठी मदत केंद्र काढायचं आहे. ग्रामपंचायत पैसे देईल का?
– अध्यक्षा, शाळा व्यवस्थापन समिती

उत्तर : देऊ शकते, ताई. हक्काने मागा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वर्षाला ४ लाख जमले, तर ४० हजार या कामाचे. मी ग्रामसेवक असताना हा पैसा मार्चअखेर घाईघाईत सतरंज्या-कुकरवर संपलेला पाहिलाय, त्याची खंत अजून जात नाही.

म्हणून मार्चची वाट पाहू नका. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतं. त्याआधी महिला सभेत ठराव घ्या, ग्रामसभेत तो मोठ्याने वाचायला लावा. ठरावात नुसतं ‘केंद्र’ लिहू नका. गावातल्याच एका शिकलेल्या बाईचं मानधन, कपाट, फोनचा खर्च, असं रकमेसकट लिहा. खोली जिल्हा परिषदेची, तेव्हा मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी घ्या.

मानधनावर मात्र अडून बसा. एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत नातवाचं आधार कार्ड घेऊन माझ्याकडे तीनदा आल्या होत्या. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, पोराची आई कारखान्यावर, आणि आजींचा घासलेला अंगठा मशीनवर उमटत नव्हता. त्यांना कपाट नको होतं. शेजारी बसून अर्ज भरणारं माणूस हवं होतं.