निरोपाला सहा आठवडे द्या

परदेशी मिशनकार्यासाठी निघालेल्या वाचकांचे तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : तीन महिन्यांनी आम्ही पती-पत्नी निघतोय, पहिली मुदत चार वर्षांची. विषय काढला की आई रडते, बाबा उठून जातात. मोठ्या भावाशी दोन वर्षं अबोला आहे. निरोप कधी आणि कसा घ्यावा?

उत्तर : सुरुवात भावापासून करा, आणि याच महिन्यात. लांबून फोनवर भांडण मिटवणं फार अवघड जातं. समोरचा गप्प झाला की तो ऐकतोय की रागावलाय, काहीच कळत नाही. प्रत्यक्ष भेटा आणि तुमची एक चूक नेमकी सांगून कबूल करा. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ असं म्हणू नका. त्यात कबुली नसते, आणि ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पहिल्या भेटीत भाऊ वळला नाही, तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा. म्हणून तर सहा आठवडे हाताशी हवेत.

मिशनरी कुटुंबांच्या मुलांवर आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : समेट, आभार, निरोप आणि पुढच्या मुक्कामाचा विचार. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘राफ्ट’ होतं, म्हणजे तराफा. घोटाळा होतो तो असा, की व्हिसा, लस आणि सामानाच्या गडबडीत चौथी पायरीच सगळे दिवस खाऊन टाकते. त्यामुळे बॅगा निघण्याच्या आठवडाभर आधीच भरून, वजन करून ठेवा. पीतज्वराची लस लागणार असेल तर तिचा दाखला टोचून घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो. ती महिनाभर आधीच उरका. शेवटचा आठवडा फक्त माणसांसाठी ठेवा.

बाबा उठून जातात तो विरोधच असेल असं धरून चालू नका. काहींना समोर बसून बोलणं जमत नाही, पण काम हातात दिलं की जीभ मोकळी होते. मुखत्यारपत्र, बँकेची कागदपत्रं, पासपोर्टच्या प्रती यांची फाइल त्यांच्यासोबत बसून लावा. आईला एक बॅग भरू द्या, तुम्हाला ती हवी तशी भरलेली नसली तरी. इंग्रज मिशनरी हडसन टेलर १९ सप्टेंबर १८५३ रोजी लिव्हरपूलहून चीनला निघाले, तेव्हा त्यांची आई जहाजावर आली आणि जवळजवळ सहा महिने मुलगा जिथे झोपणार होता ते अंथरूण तिने हातांनी सारखं केलं. मग शेजारी बसून दोघांनी गीत गायलं, प्रार्थना केली. त्या हातांना काहीतरी करायला हवं होतं.

आईबाबांना नुसतं ‘येतो’ म्हणू नका. पहिली सुट्टी कोणत्या वर्षी, किती दिवसांची, हे तुम्हाला पाठवणाऱ्या मिशन संस्थेकडून विचारून सांगा. ‘दर वर्षी येऊ’ हे वचन ठरलेलं नसेल तर देऊ नका. ते मोडलं की पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो. आणि तुम्ही जाताय त्या देशात सुवार्ताकार्यावर बंधनं असतील, तर मेसेजमध्ये कोणते शब्द लिहायचे नाहीत आणि नातेवाइकांना काय सांगायचं, हे निघण्याआधी तोंडीच समजावून ठेवा.

प्रश्न : वडिलांना हृदयविकार आहे. आम्ही तिकडे असताना काही झालं तर?

उत्तर : हे बोलणं अशुभ वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि नेमक्या त्या रात्री घरचे परस्परांशी वाद घालत बसतात. संस्थेला लेखी विचारा : कोणाच्या आजारपणात किंवा मृत्यूत परत येता येतं, तिकिटाचा खर्च कोण करतं. तुम्ही पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबवायचा की नाही, हे वडिलांनाच विचारा. दवाखान्यात सही कोण करणार, औषधांचा खर्च कुठून येणार, हे भावंडांसोबत बसून कागदावर उतरवा. ‘देवाच्या कामाला निघालोय’ एवढ्यावर हा भार भावंडांवर ढकलता येत नाही. जे ‘कुर्बान’, म्हणजे ‘हे देवाला वाहिलंय’, असं म्हणून आईबापांची जबाबदारी झटकत, त्यांना प्रभू येशूने मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात किती कडक शब्द वापरलेत ते वाचा.

प्रश्न : मुलं चार आणि नऊ वर्षांची. आजीपासून कशी तोडायची?

उत्तर : तोडायची नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाला तुम्हाला जसजसं कळेल तसं सगळं सांगा. चार वर्षांच्याला दोन-तीन आठवडे आधी पुरेसं, कारण तीन महिने म्हणजे किती हे त्याला उमगत नाही. त्याला विचारल्याशिवाय त्याचं एकही खेळणं देऊन टाकू नका. व्हिडिओ कॉलवर लहान मूल पाच-दहा मिनिटांत कंटाळतं, मग आजीला वाटतं आपल्याला विसरलं. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक आजीकडे, एक तुमच्याकडे; कॉलवर आजीने वाचावं आणि मुलाने पानं उलटावीत. शेवटच्या दिवसांत मुलं कारण नसताना भांडतात, आजीवरही चिडतात. दूर जाणं सोपं व्हावं म्हणून मन असं करतं. रागावू नका, निघण्याआधी एकदा कुशीत बसवा.

विमानतळाबद्दल तिघांनीही विचारलंय. खरा निरोप आदल्या संध्याकाळी घरीच घ्या, पाळक आणि जवळच्यांच्या प्रार्थनेसह. मिलेत बंदरात प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांसोबत गुडघे टेकून प्रार्थना केली, सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि मग ते त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले (प्रेषितांची कृत्ये २०). रडू आवरायचा हट्ट नको. विमानतळावर मात्र मोजकीच माणसं न्या आणि दाराशी फार रेंगाळू नका. आईबाबांना घरी सोडून रात्री त्यांच्याजवळ कोण बसणार, ते नाव आधीच ठरवून ठेवा.