व्हेज करीत मासा कुठून आला?

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत नोकरी करते. मागच्या महिन्यात टीम लंचला एका एशियन फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो, मी पक्की शाकाहारी, मेनूत टोफू आणि भाज्यांची ग्रीन करी दिसली म्हणून तीच मागवली, वेटरला विचारलं पण, व्हेज आहे ना, तर तो म्हणाला हो मॅडम व्हेजच. अर्धी वाटी संपल्यावर कुणीतरी सहज चौकशी केली तेव्हा कळलं की त्यात फिश सॉस असतो. मला रडूच आलं. सगळे म्हणाले, एवढं काय त्यात, चवीपुरता तर असतो. माझं काही चुकलं का, आणि पुढच्या वेळी नक्की काय विचारू?

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही, आणि ते चवीपुरतं वगैरे अजिबात मनाला लावून घेऊ नका. आपण काय खायचं नाही ते आपण ठरवतो, किती थेंब चालतील हे टेबलावरच्या बाकीच्यांनी ठरवायचं नसतं.

वेटर खोटं बोलला असंही मला वाटत नाही. त्याच्या हिशोबात मांसाचा तुकडा नाही म्हणजे व्हेज. आपल्याला चायनीज म्हणजे गाडीवरचं किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं माहीत, मंचुरियन, शेजवान राइस, त्यात सोया सॉस, व्हिनेगर, मिरची, कॉर्नफ्लोअर, त्यामुळे चिकनच्या जागी कोबी-फ्लॉवर घातला की पदार्थ व्हेज होतो. हे मंचुरियन मुंबईतलंच आहे, नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं मानतात, म्हणजे ते आपल्या लोकांच्या जिभेसाठीच जन्माला आलं. एशियन फ्यूजनवाले मात्र थाई, जपानी, कोरियन, व्हिएतनामी सगळं एका मेनूत आणतात आणि त्या स्वयंपाकांत मासा फोडींमध्ये नसतो तर रसात असतो. फिश सॉस म्हणजे अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी. थाई करीच्या वाटणात त्याशिवाय श्रिंप पेस्ट असते, आपल्याकडे जवळा असतो ना तसल्या बारीक कोळंबीला मीठ लावून आंबवलेली. जपानी मिसो सूपचं पाणी बहुतेक वेळा दाशीचं असतं, त्यात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. किमचीत, म्हणजे कोरियन कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यात, फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. पॅड थाई नूडल्स, कच्च्या पपईचं सोम ताम, टॉम यम सूप, सगळीकडे हेच. आणि टेबलावर आधीच आणून ठेवतात ते पांढरे कुरकुरीत पापड, ते बऱ्याच ठिकाणी कोळंबीचे असतात, उचलायच्या आधी विचारा.

म्हणून "व्हेज आहे ना" हा प्रश्न सोडून द्या, कारण त्याचं उत्तर कायम "हो" येतं. सरळ नावं घेऊन विचारा : ह्याच्या सॉसमध्ये फिश सॉस, ऑयस्टर सॉस (म्हणजे कालवांचा) किंवा श्रिंप पेस्ट आहे का? सूप कशाच्या स्टॉकमध्ये केलंय? नूडल्समध्ये अंडं आहे का? वेटरला माहीत नसेल तर त्याला आत शेफला विचारून यायला सांगा, त्यात लाजायचं काही कारण नाही, ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे ते विचारतातच की. आणि टीम लंच असेल तर आदल्या दिवशी दुपारी तीन-चारला फोन करा, तेव्हा किचन जरा मोकळं असतं आणि शांतपणे बोलतात, एकच्या गर्दीत कुणालाही वेळ नसतो.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा कळली ती तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. जे आयत्या वेळी कढईत, म्हणजे वोकमध्ये परततात ते बदलून मिळतं, जे सकाळीच करून ठेवलेलं असतं ते नाही. बेसिल टोफू, परतलेलं बोकचॉय, फ्राइड राइस, ह्यात सॉस आयत्या वेळीच पडतो, तो न घालता सोया सॉस घाला म्हटलं की झालं, शिवाय मशरूमपासून केलेला व्हेज ऑयस्टर सॉस पण मिळतो, तो बऱ्याच किचनमध्ये असतो. पण करीचं वाटण आणि रामेनचा, म्हणजे जपानी नूडल सूपचा, रस्सा आधीच तयार असतो, त्यातली कोळंबी कुणी काढून देऊ शकत नाही. त्यामुळे "विदाउट फिश सॉस करून देतो" असं करीबद्दल कुणी म्हणालं तर लगेच पुढचा प्रश्न, पेस्ट कुठली वापरता?


प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा जुलैत येतायत, चार महिने राहतील. बाबा माळकरी आहेत, आणि चातुर्मासात दोघंही कांदा-लसूण खात नाहीत. इथल्या मित्रमंडळींबरोबर बाहेर जेवायचं म्हटलं की हमखास कुठलंतरी एशियन फ्यूजन ठरतं. त्यांना घरी ठेवून जायला जीव होत नाही. काय करावं?

उत्तर : घरी अजिबात ठेवू नका. तुमच्या बाबांसारखं जेवणारे लोक चीन, थायलंड, व्हिएतनाममध्ये शेकडो वर्षांपासून आहेत, फक्त आपल्याला त्यांच्याकडचा शब्द माहीत नसतो. महायान बौद्ध परंपरेत मांस-मासे तर नाहीतच, कांदा, लसूण, पात असल्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. थायलंडमध्ये ह्या जेवणाला "जे" म्हणतात, पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं असतात आणि लांबून ती इंग्रजीत सतरा लिहिल्यासारखी दिसतात. तिथे नऊ दिवसांचा उत्सव होतो, फुकेतचा सगळ्यात मोठा, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्याच दिवसांत! बाबांना हे आवर्जून सांगा, मला खात्री आहे त्यांना आवडेल. व्हिएतनामी हॉटेलात असेल तर शब्द आहे "चाय".

अमेरिकेत नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका, कारण तिथे अंडं व्हेजिटेरियनमध्ये धरतात, आणि भाजीचा पदार्थ चिकन स्टॉकमध्ये शिजवलेला असला तरी मेनूत त्याचं नाव व्हेजिटेबलच. "बुद्धिस्ट व्हेजिटेरियन, नो ओनियन, नो गार्लिक, नो एग" असं एका दमात म्हणा, चिनी किंवा व्हिएतनामी मालक असेल तर बहुतेक वेळा लगेच कळतं. मेनूत "बुद्धाज डिलाइट" दिसेल, मूळ मठातलाच पदार्थ तो, टोफू, मशरूम आणि भाज्यांचा, पण तिकडच्या टेकअवे हॉटेलांत त्यावर सर्रास ऑयस्टर सॉस आणि लसूण पडतो, तेव्हा नावावर जाऊ नका. सुशीवाल्यांकडे काकडीचा किंवा अ‍ॅव्होकाडोचा साधा रोल मागवा, मेयो नको म्हणून सांगा, आणि इनारी म्हणजे गोडसर टोफूच्या पिशवीत भरलेला भात दिसला तर थांबा, ती पिशवी दाशीत शिजवतात. टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात अंडं असू शकतं, आणि त्याच तेलात कोळंबी तळलेली असते का हे विचाराच, माळकरी माणसासाठी हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि हो, शुद्ध बौद्ध शाकाहारी हॉटेलात पहिल्यांदा नेणार असाल तर घरीच कल्पना देऊन ठेवा की तिथे गव्हाच्या ग्लुटेनपासून आणि सोयापासून केलेलं "डक" वगैरे असतं, दिसायला हुबेहूब मांस. माझ्या सासूबाईंसमोर न सांगता ते आलं आणि त्या बिचाऱ्या पाणी पिऊन उठल्या, मला अजून वाईट वाटतं. त्यांना तेव्हा साधा भात, मीठ घालून परतलेला पालक आणि वाफवलेला टोफू मागवला असता तर पोटभर जेवल्या असत्या.


प्रश्न : अजिनोमोटो नॉनव्हेज असतं असं आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरतंय. खरं आहे का?

उत्तर : नाही. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू शेवाळाच्या पाण्यातून अजिनोमोटोची चव ओळखली, तिलाच उमामी म्हणतात. आज ती पावडर उसाची मळी, मका, टॅपिओका असलं काहीतरी आंबवून बनवतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघा आणि निर्धास्त राहा.


प्रश्न : मुलीला थाई करी फार आवडते पण बाहेर पेस्टची खात्री नसते. घरी मासा न घालता तशी चव येते का? मी कोल्हापूरला आहे, सगळं सामान मिळत नाही.

उत्तर : येते, आणि मला तर घरचीच जास्त आवडते. चौघांसाठी तीन-चार सुके शिताके मशरूम कपभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते काळपट पाणी अजिबात फेकू नका, माशाची जागा तेच घेतं. हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या, गवती चहाच्या बुडाकडचा पांढरा भाग, आलं, लसूण, जिरं-धने आणि लिंबाची किसलेली साल असं बारीक वाटण करा. गलांगल मिळालं तर आल्याच्या जागी ते घाला, नाही मिळालं तरी अडत नाही. नारळाचं पहिलं दाट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवा, त्यात वाटण परता, मग मशरूमचं पाणी, चमचाभर सोया सॉस, सुपारीएवढा गूळ, भाज्या, आणि शेवटी पातळ दूध. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, सोयात आधीच असतं. विकतची पेस्ट आणायचीच झाली तर हिरवा ठिपका असलेलीच घ्या, परदेशी बाटलीवर तो नसला तर मागची यादी वाचून श्रिंप शब्द शोधा.

टोफू मिळत नसेल तर शान टोफू करा, तो ब्रह्मदेशातला, चण्याच्या पिठाचा. बेसन पाण्यात कालवून हळद-मीठ घालून घट्ट शिजवायचं, ताटात ओतायचं, गार झाल्यावर वड्या पाडायच्या, म्हणजे आपली पाटवडीच की हो, फक्त फोडणी नाही. मुंबईत आलात तर फोर्टला बर्मा बर्मा म्हणून २०१४ पासून ब्रह्मदेशी जेवणाचं पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथे मुलीला खाऊ सुए, म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्स, खायला न्या.