फुकटचं पार्सल, त्याचा हिशेब

बाळाचं सामान घरच्या घरी किंवा छोट्या कारखान्यात बनवणारे आणि तेच सामान वापरून रील, स्टोरी टाकणारे आईबाबा, अशा दोन्हीकडून या महिन्यात पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत.

प्रश्न : माझे अठरा हजार फॉलोअर आहेत. एका ताईंनी स्वतः शिवलेली रिंग स्लिंग (बाळाला अंगाशी धरून ठेवणारी, कड्यांची कापडी झोळी) मी न मागता पाठवली, सोबत फक्त ‘आवडली तर वापरा’ अशी चिठ्ठी. पोस्ट टाकणं मला बंधनकारक आहे का? आणि टाकली, तर फुकट मिळाल्याचं सांगायलाच हवं का? पैसे तर घेतलेले नाहीत.

उत्तर : पोस्ट टाकायचं बंधन नाही. न मागता आलेल्या वस्तूने तुमच्यावर कसलंही देणं चढत नाही. तरी ती मिळाल्याचं दोन ओळींत कळवा आणि त्याच वेळी पोस्टचं आश्वासन देत नाही हेही लिहा. पाठवणारीला पार्सल पोहोचल्याचंच कळत नाही, मग ती तीन आठवडे तुमचं प्रोफाइल उघडून पाहत राहते, हे फार वेळा घडतं.

पोस्ट टाकलीत, तर सांगायलाच हवं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अट घालून किंवा अट न घालता मिळालेली, एवढंच काय, न मागता आलेली मोफत वस्तूही जाहीर करण्याजोग्या संबंधांत धरली आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियमही तसाच आहे. ‘पैसे घेतले नाहीत’ हा बचाव दोन्हीकडे चालत नाही, आणि चालायलाही नको. ऐकणाऱ्या आईला एवढंच कळायला हवं असतं की ही वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशाने निवडलीत की ती तुमच्याकडे चालून आली.

कसं सांगायचं, यातच बहुतेकांची गडबड होते. कॅप्शनमध्ये पहिल्याच ओळीत लिहा. ‘आणखी वाचा’च्या खाली गेलेलं कोणी वाचत नाही. पंधरा हॅशटॅगच्या गर्दीत एक ‘गिफ्टेड’ घुसवलं तर ते सांगितल्यात जमा नाही. व्हिडिओ असेल तर बोलून सांगा आणि पडद्यावरही लिहा, कारण अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात. चार फ्रेमची स्टोरी असेल, तर ज्या ज्या फ्रेममध्ये स्लिंग दिसते त्या प्रत्येकीवर लिहा. लोक मधूनच उड्या मारत बघतात. ‘कोलॅब’, ‘थँक्यू अमुक’, ‘अँबेसेडर’ असे शब्द मोघम आहेत. ‘ही स्लिंग मला बनवणाऱ्यांनी मोफत पाठवली आहे’ हे वाक्य पुरेसं आहे, आणि तुम्ही मराठीत बोलत असाल तर ते मराठीतच असावं. सहा महिन्यांनी तीच स्लिंग पुन्हा दिसली तरी तेच वाक्य पुन्हा यावं. तुम्ही मागे सांगितलेलं होतं हे नव्या बघणारीला ठाऊक नसतं.

प्रश्न : मी एकटी लाकडी खेळणी बनवते. महिन्याला सहासात मेसेज येतात, ‘एक सेट पाठवा, मी स्टोरी टाकते’. नाही म्हटलं तर संधी गेली असं वाटतं, हो म्हटलं तर महिनाअखेरीस हात रिकामे. कोणाला हो म्हणावं?

उत्तर : आधी एक सेट तुम्हाला केवढ्याला पडतो ते काढा, मगच कोणाचं प्रोफाइल उघडा. बहुतेकजण उलट करतात.

विक्रीची किंमत १०० धरा. समजा त्यात लाकूड, रंग, पॉलिश मिळून ३५ जातात, तुमची मजुरी २५, पॅकिंग आणि कुरिअर १५, पेमेंट आणि वेबसाइटचं कमिशन ५. उरले २०. फुकट सेट पाठवताना कमिशन वाचतं, म्हणजे खर्च ७५. एका विक्रीमागे उरतात २०, तेव्हा तो सेट भरून निघायला त्या एका स्टोरीतून चार नव्या ऑर्डर यायला हव्यात. स्वतःची मजुरी शून्य धरून हा हिशेब करू नका. ‘माझा काय, वेळच जातो’ म्हणणाऱ्या बाईच्या वेळेवरच हा सगळा फुकटाचा व्यवहार उभा आहे.

आता दुसरी बाजू. त्या व्यक्तीकडून मागच्या दहा स्टोरींचा सरासरी आकडा मागा, स्क्रीनशॉटसह. फॉलोअर किती हा आकडा इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. समजा स्टोरी २,००० जण पाहतात, त्यांतले एक टक्का लिंक दाबतात आणि दाबणाऱ्यांतले पाच टक्के खरेदी करतात. म्हणजे वीस जण आले, एक ऑर्डर पडली. तुम्हाला चार हव्यात, त्यासाठी ८,००० बघणारे लागतील. ही टक्केवारी उदाहरणापुरती आहे. दोनतीन वेळा करून पाहिलंत की तिथे तुमचे स्वतःचे आकडे घालता येतील.

आणखी दोन गोष्टी विचारा: बघणारे कुठले आहेत आणि त्यांची मुलं केवढी. जिथे तुमचं कुरिअर जात नाही तिथले पन्नास हजार लोक तुमच्या कामाचे नाहीत. कॉमेंट उघडून वाचा. त्याच त्या दहाबारा इन्फ्लुएन्सर एकमेकींना बदाम पाठवत असतील, तर तिथे ग्राहक नाही. ‘कुठे मिळेल’, ‘दीड वर्षाच्याला चालेल का’ असे प्रश्न दिसले तर मात्र तीन हजारांचं खातंही पुष्कळ आहे.

वर्षाला किती नमुने द्यायचे ते जानेवारीतच ठरवा. एकूण उत्पादनाच्या दोन टक्क्यांपासून सुरुवात करा. ते संपले की संपले. नकाराचा मजकूर तयार ठेवा: ‘नमस्कार, तुमचं काम पाहिलं. वर्षाला ठरावीकच नमुने देते, यंदाचे संपले. विकत घेतलंत तर आनंद होईल, आणि तुमच्या नावाचा सवलत कोड देऊ शकते. त्यावरून झालेल्या प्रत्येक विक्रीमागे ठरलेला वाटा तुम्हाला.’ ज्यांना खरंच वस्तू आवडली आहे त्या यातलं काहीतरी घेतात. महाग सेट असेल तर तीन आठवडे वापरायला देऊन परत मागवणं हाही मार्ग आहे. परतीचं कुरिअर कोणाचं ते आधी ठरवा.

हो म्हणालात, तर ईमेलवर सहा ओळी लिहून घ्या: काय पाठवलं, किती पोस्ट किंवा स्टोरी, कोणत्या तारखेपर्यंत, मोफत मिळाल्याचं सांगितलं जाईल, फोटो तुम्ही कुठे आणि किती काळ वापरू शकता, आणि सहावी, मत चांगलंच असावं अशी अट नाही. सहावी ओळ गाळू नका. मतावर अट घातली की ती उघड जाहिरात झाली. तुम्ही दुरुस्त करायला सांगू शकता ती फक्त तथ्यं: लाकूड कोणतं, वय काय, किंमत काय.

तारीख लिहून घेण्यामागे एक खास कारण आहे. एकहाती धंद्याला फसलेल्या पोस्टइतकीच चाललेली पोस्टही बुडवू शकते. हाताशी पाच सेट आणि एका रात्रीत चाळीस ऑर्डर आल्या, की उशीर, चुका, परतावे आणि वाईट शेरे ओळीने येतात. माल तयार झाल्यावरच पोस्ट पडू द्या, किंवा दुकानात ऑर्डरची मर्यादा लावून ठेवा.

हे वाचणाऱ्या इन्फ्लुएन्सर ताईंना आणि दादांनाही एक सांगणं. मोठ्या कंपनीच्या वार्षिक खर्चात नमुन्यांची वेगळी तरतूद असते. एकटीने धंदा चालवणारीकडे ती नसते. तिच्याकडे स्वतःहून फुकट मागू नये, हे आमचं ठाम मत. वस्तू आवडली असेल तर विकत घ्या.

प्रश्न : एका छोट्या ब्रँडचं मण्यांचं टीदर (दात येताना बाळाने चावायचं खेळणं) मोफत आलं. चौथ्या दिवशी दोरा सुटला, मणी मोकळे झाले. जाहीर सांगितलं तर त्या बाईंचा धंदा बसेल. गप्प राहावं का?

उत्तर : न आवडणं वेगळं आणि धोका वेगळा.

रंग आवडला नाही, कापड जाड निघालं, किंमत जास्त वाटली, तर बनवणारीला खासगीत कळवा आणि हवं तर पोस्ट टाकू नका. मात्र वाईट निघालेल्याबद्दल तुम्ही नेहमीच गप्प बसत असाल, तर तुमच्या पानावर केवळ कौतुक उरतं आणि बघणाऱ्याला सगळंच उत्तम असतं असं वाटतं. तेव्हा ‘न आवडलेल्या मोफत वस्तू मी दाखवत नाही’ हे हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोरीत, कायमचं लिहून ठेवा.

सुटलेले मणी हा धोका आहे, इथे गप्प राहता येत नाही. वापर थांबवा. तुटलेला भाग, वेष्टन, बॅच क्रमांक यांचे फोटो काढा, तुकडे टाकून देऊ नका. बनवणारीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि विक्री थांबवून आधीच्या ग्राहकांना सांगण्यासाठी ४८ तासांची मुदत द्या. तिने ते केलं, तर तुमच्या पोस्टमध्ये तेही सांगा. त्याने तिचं नाव राहतं. नाही केलं, तरी पोस्ट करा आणि ग्राहक सुरक्षा यंत्रणेकडे तक्रार नोंदवा. आधी तुम्ही ते टीदर दाखवलं असेल, तर दुरुस्तीही तितक्याच ठळकपणे दाखवा. जुनी पोस्ट गुपचूप पुसून टाकणं पुरेसं नाही, कारण ती पाहून ज्यांनी खरेदी केली त्यांच्या घरी टीदर अजून आहे.

छोट्या धंद्यांकडे प्रयोगशाळेचा अहवाल असेलच असं नाही, म्हणून कॅमेऱ्यापुढे वस्तू आणण्याआधी स्वतः तपासा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे तुकडे तपासायची प्रमाणित नळी ३१.७ मिमी व्यासाची असते, तिचा तळ तिरका, म्हणून खोली २५.४ ते ५७.१ मिमी. त्यात मावेल तो तुकडा घशात अडकू शकतो. प्रत्येक मणी, डोळा, बटण जोर लावून ओढून बघा. युरोपीय मानकानुसार पॅसिफायरची (चोखणीची) दोरी २२ सेंटीमीटरहून लांब नको. स्लिंगच्या कड्या भार पेलण्यासाठी बनवलेल्या, बिनजोड हव्यात. हस्तकलेच्या दुकानातल्या सांधा असलेल्या कड्या वजनाने उघडू शकतात. स्लिंगमध्ये बाळाचा चेहरा दिसत राहिला पाहिजे आणि हनुवटीखाली निदान एक बोट जागा हवी. तुमच्या व्हिडिओत बाळ चुकीचं बसलं असेल, तर बघणारे तसंच बसवतात.

काही वस्तू पार्सल न फोडता परत कराव्यात. अंबर मण्यांच्या टीदिंग माळा: अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) डिसेंबर २०१८ मध्ये गळफास आणि गुदमरण्याबद्दल इशारा दिला, त्यात झोपेत माळेने गळा आवळून गेलेल्या १८ महिन्यांच्या बाळाचा उल्लेख आहे. पाळण्याचे गादीदार बंपर आणि बाळाला झोपवायच्या उतरत्या खुर्च्या: अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने यांवर बंदी आली. आणि आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलं जाणारं दूध व बाटल्या: जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ ची संहिता सामान्य लोकांत त्यांची जाहिरात आणि आयांना मोफत नमुने, दोन्ही नाकारते, भारतात त्यासाठी १९९२ चा कायदा आहे.

प्रश्न : मोफत फ्रॉक देणाऱ्यांनी माझ्या मुलीचे फोटो ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ वापरायची परवानगी मागितली आहे. देऊ का?

उत्तर : नको. एका फ्रॉकच्या बदल्यात हा सौदा फार महाग आहे. वस्तूचा, हातांचा, पाठमोरा फोटो द्या. मुदत सहा महिने, फार तर बारा. सशुल्क जाहिरातीत वापर नाही, तिसऱ्या कोणाला देणं नाही, आणि तुम्ही सांगितल्यापासून सात दिवसांत काढून टाकणं, हे लिहून घ्या. मुलीची संमती आज घेता येत नाही म्हणूनच ही काटकसर. फ्रान्सने २०२० मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा करून त्यांना स्वतःचे व्हिडिओ पुढे काढून टाकायला लावण्याचा हक्क दिला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून मुलांच्या व्हिडिओंवरच्या कमाईतला वाटा त्यांच्यासाठी बाजूला ठेवावा लागतो.

प्रश्न : मोफत आलेल्या वस्तूंचा ढीग झाला आहे. विकल्या तर चालतील का?

उत्तर : विकू नका. नवाकोरा तोच सेट तुम्ही अर्ध्या किमतीत विकलात, तर तुम्ही ज्याची तारीफ केलीत त्याच्याच दुकानासमोर तुमचं दुकान. पाठवणारीला विचारून ओळखीच्या गरजू घरी द्या, सोबत वापराची सूचना आणि वयाचं लेबल ठेवा. काय आलं, कोणाकडून, केवढ्याचं आणि कुठे गेलं याची वही ठेवा. बऱ्याच देशांत अशा वस्तूंची किंमत उत्पन्नात धरली जाते, तेव्हा कर सल्लागार पहिल्याच भेटीत हीच वही मागेल.