मार्चमध्ये लातूरहून कोकणात समुद्र दिसेल असा डोंगर चढायला जमेल का? उन्हाची आम्हाला सवय आहे.

तुमचं दुसरं वाक्य वाचलं अन् राहवलं नाही. अगदी हेच मी चार वर्षांपूर्वी पनवेलच्या साडूला फोनवर ऐकवलं होतं.

डोंगर म्हणाल तर सागरगड. अलिबागच्या अलीकडं खंडाळे गावातून वाट आहे. टोकावर गेलं की खाली शेतं, नारळाच्या बागा, पलीकडं पाण्यात कुलाबा किल्ला, अन् हवा स्वच्छ असली तर खांदेरी-उंदेरी हे समुद्रातले किल्लेपण. वाटेतला धबधबा मार्चमध्ये कोरडा असतो. त्याच्यासाठी जात असाल तर जुलैत जा.

आम्ही तिघं होतो : मी, साडू अन् त्याचा दहा वर्षांचा पोरगा. मी पाठीला पाच लिटरचा कॅन बांधला. एसटी स्टँडवर चार माणसांसमोर साडू म्हणाला, "आली बघा लातूरची पाण्याची रेल्वे!"

आता बघा, 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला ती रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणी होत्या, 5 लाख लिटर पाणी. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या गल्लीत घागरी रात्रभर नंबरात उभ्या असायच्या. ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला यात विनोद दिसतो. मी काही बोललो नाही, कॅनचा पट्टा तेवढा आवळला.

मोबाईल 33 दाखवत होता. आमच्याकडं मार्च संपताना 38 सहज होतं, म्हणून मी मनात हसत होतो. अर्ध्या तासात शर्ट पिळून काढावा असा झाला. आपल्याकडं घाम कधी येतो अन् कधी वाळतो कळत नाही, त्यानंच अंग गार राहतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो अन् अंग तापत राहतं. तेव्हा सवयीचं काही सांगू नका.

काटेसावर अन् पांगारा लालभडक फुलले होते, पण मान वर करून बघायचं त्राण कुणाला! साडूच्या दोन बाटल्या माचीवरच्या वस्तीच्या आधीच संपल्या. मग तो कॅनकडं बघायला लागला. आधी पोराला दिलं, मग त्याला. गडावर समोर एवढा समुद्र, अन् दोघं माझ्या कॅनला तोंड लावून बसलेले.

तो आजही म्हणतो, "पोरगं जास्त प्यायलं, नाहीतर बाटल्या पुरल्या असत्या." नसत्या पुरल्या. दहा वर्षांचं पोरगं पिऊन पिऊन किती पिणार?

माणशी तीन लिटर घ्या, कुणी काहीही म्हणो. पहाटे उजाडायच्या आत चढायला लागा अन् दहाच्या आधी उतरायला घ्या. जायचं तर शिमग्याच्या आसपासच, नंतर नको. लहान पोरं असतील तर त्या दिवसांतपण विचार करा.

अन् मीठ-साखर-लिंबू विसरू नका. माझ्याकडं पाणी होतं, मीठ नव्हतं. उतरताना पोटऱ्या अशा वळल्या की वाटेतच खाली बसलो. साडूनंच चोळून दिल्या, अन् रिकामा कॅन खाली खंडाळ्यापर्यंत त्यानंच आणला.