औंध संस्थानाबद्दल वाचायला कुठून सुरुवात करावी?

तुमचं आजोळ आटपाडीकडचं, आयुष्य मुंबईत गेलं, आणि आता औंध संस्थानाचा इतिहास नीट वाचायचाय, तर कोणती पुस्तकं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. मीही याच वाटेने गेलोय. आमचे आजोबा आटपाडी भागातूनच गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला झवेरी बाजारात आले. शेवटपर्यंत त्यांच्या बोलण्यात 'आम्ही संस्थानात होतो तेव्हा' हे शब्द यायचे, आणि सोबत शाळेत सक्तीने घालायला लागलेले सूर्यनमस्कार. त्या 'संस्थानात'चा अर्थ समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. साताऱ्याकडचं हे औंध संस्थान नकाशावर एका जागी सापडत नाही. जेमतेम ७२ गावं, लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत : औंध, आटपाडी, कुंडल, आणि पार विजापूरकडे गुणदाळ. मधे सगळा इंग्रजी मुलूख. त्यामुळे पुस्तक वाचताना एका भागाबद्दल लिहिलेलं दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. माणदेशातल्या आटपाडीचं जगणं आणि कृष्णाकाठाजवळच्या कुंडलचं जगणं यांत फार अंतर होतं.

माझा आग्रह असा, की सुरुवात इतिहासाच्या पुस्तकाने करूच नका. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ची कादंबरी, आटपाडीजवळच्या माडगूळच्या लेखकाची. एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, लोक राबून तालीम उभी करतात, आणि मग दुष्काळ येतो. कादंबरी आहे, पुरावा म्हणून वापरू नका. पण संस्थानावरच्या बाकीच्या बहुतेक पुस्तकांत राजवाड्यातून गाव पाहिलेलं आहे. इथे वाडीतून राजा दिसतो. ही नजर आधी डोळ्यांत बसली, की पुढचं वाचताना नेमके प्रश्न पडतात.

मग इंदिरा रॉदरमुंड यांचं 'द औंध एक्स्परिमेंट'. इंग्रजीत आहे, १९८३ साली इथे मुंबईतच सोमैया पब्लिकेशन्सने काढलं. औंधवर एकच अभ्यासाचं पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, यांनी जानेवारी १९३९मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता. घडण अशी, की गावाने आपली पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची सभा, आणि तिथून वर विधिमंडळ. सत्ता खालून वर चढवायची. इंग्रजांच्या राज्यात, एका संस्थानिकाने, स्वतःहून! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. रॉदरमुंडबाई मात्र भारावून जात नाहीत. कागदावरची पंचायत आणि प्रत्यक्ष गाव यांचा मेळ किती बसला, हे त्या तपासतात.

त्यानंतर अप्पा पंतांचं 'अॅन अनयूज्वल राजा' (१९८९). अप्पासाहेब हे बाळासाहेबांचे चिरंजीव. ऑक्सफर्डहून शिकून आले आणि या प्रयोगात स्वतः उतरले. पुस्तक सुंदर आहे, पण मुलाने वडिलांबद्दल, पन्नास वर्षांनी लिहिलेलं आहे. म्हणूनच मी ते रॉदरमुंडबाईंच्या पुस्तकानंतर ठेवतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची, आणि घटनेच्या कामात राबलेल्या पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची ओळख इथे होते. हेच फ्रीडमन पुढे मुंबईत खेतवाडीला निसर्गदत्त महाराजांकडे जात, त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक त्यांनीच केलं. खेतवाडीतून जाताना मला दर वेळी आटपाडी आठवते.

कुंडलची बाजू समजायला ए. बी. शिंदे यांचं साताऱ्याच्या प्रतिसरकारवरचं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारवरचं, इंग्रजी पुस्तक (१९९०) बघा. बेचाळीसनंतर भूमिगतांना संस्थानी गावांचा आसरा का मिळाला, हे हद्दींचा तो गुंता माहीत असला की लगेच उलगडतं.

राजेसाहेबांनी स्वतः खूप लिहिलं. मराठीत आत्मचरित्र आहे, सूर्यनमस्कारांवर पुस्तकं आहेत, अजिंठ्यावरचं पुस्तक १९३२ साली मुंबईच्या तारापोरवालांनी छापलं. आत्मचरित्र जरूर वाचा. बाकीची आवड असेल तर. १८८५चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातली शेती आणि दुष्काळाची प्रकरणं तेवढी वाचा, म्हणजे माणदेशातली माणसं घर सोडून मुंबईला का आली हे कळेल.

मुंबईत शोधायचं तर आधी दादर पूर्वेला नायगावला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जा. मराठी जुनी पुस्तकं तिथे शोधा. इंग्रजीसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. सकाळीच जा, वही आणि पेन्सिल घेऊन. अप्पा पंतांची माझी प्रत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, त्यामुळे तिथेही नजर ठेवा.

आणि हे सगळं करायच्या आधी आजोळी एक फोन करा. घरात जुन्या पत्र्याच्या पेटीत शाळेचा दाखला, सारा भरल्याची पावती, पंचायतीचा एखादा कागद असेल तर फोटो मागवा. १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधीचं जे असेल ते. असे कागद वाळवी खाते, नाहीतर घर पाडताना रद्दीत जातात. आमच्याकडचे तसेच गेले. गावाचं नाव खाली लिहिलंत तर त्या गावाबद्दल रॉदरमुंडबाईंच्या पुस्तकात काही आहे का, ते माझ्या प्रतीत पाहून कळवतो.