काळीज छातीत नसतेच

एका वाचकाने विचारले आहे: 'आरोग्यावरच्या लेखांत सारखे हृदय, हृदय कशाला? तो संस्कृत शब्द. काळजाचा ठोका चुकला असे आपण म्हणतोच ना? मग काळजाच्या झडपा, काळजाचे स्नायू असे अस्सल मराठीत का लिहू नये?'

नका लिहू. 'काळजाच्या झडपा' परवा तिसऱ्यांदा वाचल्या, म्हणून आवाज थोडा चढलेला आहे. काळजाला झडपा नसतात, कारण काळीज म्हणजे मुळात यकृत.

माया, धैर्य, भीती हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. संस्कृतात कालेय, कालक हे यकृताचे शब्द. अवयव काळपट, म्हणून नाव तसे. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तर 'कालखण्डयकृती तु समे इमे' असे स्वच्छ म्हटले आहे, म्हणजे कालखंड आणि यकृत एकच. ('मध्ययुगीन कालखंड' हे आपले लाडके शब्द वाचून अमरसिंहाला काय वाटले असते, कोण जाणे. मध्ययुगीन लिव्हर!)

यावर 'काळीज हिंदी कलेजावरून आले' असे ठामपणे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांना कान नसावेत. फलाचे फळ झाले, कालाचा काळ झाला, तसा कालेयातल्या लचा घरच्या घरी ळ झाला. हिंदीतून उचललेला शब्द कसा दिसतो ते पाहायचे तर मटणातली 'कलेजी' पाहा. ल जसाच्या तसा, आणि अर्थही मूळचाच, यकृत. एकाच कुळातले हे दोन शब्द, एक घरी वाढलेला आणि एक बाहेरून आलेला, आपण रोज शेजारीशेजारी वापरतो आणि तरी वाद घालतो.

आता खरी गंमत. 'जिगर' फारसीतून आला हे सगळे सांगतात आणि 'म्हणजे हृदय, हिंमत' म्हणून मोकळे होतात. फारसीत जिगर म्हणजे यकृत! आणि तो नुसता अर्थाने नव्हे, रक्ताने यकृताचा भाऊ आहे. संस्कृत यकृत्, फारसी जिगर, लॅटिन येकुर ही एकाच प्राचीन शब्दाची लेकरे. जिगरी दोस्त म्हणजे शब्दशः यकृताचा मित्र. या शब्दाचे रूप चालवतानाही मौज आहे: यकृत् मध्येच 'यकन्' होतो, आणि पाणिनीने हा बदल ज्या सूत्रात सांगितला (6.1.63) त्याच सूत्रात हृदयाचा 'हृद्' होतो हेही सांगितले. दोन अवयव व्याकरणातही एकाच बाकावर.

शरीरातही ते तसेच आहेत. हृदय छातीच्या डाव्या कप्प्यात असते ही समजूत सोडा. ते उरोस्थीच्या मागे, जवळजवळ मध्यावर असते, फक्त टोक डावीकडे कललेले. ते टेकलेले असते श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर. त्या पटलाच्या खाली लगेच यकृत, दीडेक किलोचे, बरेचसे उजवीकडे, पण त्याचा डावा भाग सरळ हृदयाच्या खाली सरकलेला. वर तीनेकशे ग्रॅमचा, मुठीएवढा हृदयाचा गोळा, मध्ये पातळ पडदा, खाली हे थोरले धूड. यकृतातून निघालेले रक्त महाशिरेत, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत येते आणि पडदा ओलांडला की लगेच उजव्या कर्णिकेत, हृदयाच्या वरच्या कप्प्यात. भीतीने पोटाच्या वरच्या टोकाशी जो गोळा येतो तो नेमका याच सीमेवर. हृदयाचे काम खालच्याच्या नावावर लागले ते या शेजारामुळे, असे माझे मत. त्यात आयुर्वेदाच्या चरकाने रक्तवह स्रोतसांचे, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचे मूळ यकृत आणि प्लीहा म्हटलेले, म्हणजे रक्ताची मालकीही यकृताकडेच.

काळजी हा शब्दही या काळजाचाच. काही जण 'काळ' म्हणजे मृत्यू, त्याची चिंता ती काळजी, असे कोडे सोडवतात. कशाला? काळीज, काळजाला, काळजी. सामान्यरूप नीट चालवले असते तर मृत्यूला मध्ये आणावे लागले नसते.

'ठोका चुकला' मात्र बिनचूक आहे, निदान अनुभव म्हणून. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग थोडी जास्त विश्रांती येते, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो बहुधा हा जोराचा. पण हा हिशेब हृदयाचा, यकृताचा नव्हे. अपवाद एकच. हृदयाची उजवीकडची त्रिदल झडप फार गळू लागली की प्रत्येक ठोक्याला रक्त उलटे महाशिरेत जाते आणि यकृतच धडधडू लागते. बरगडीखाली हात ठेवून डॉक्टरांना ते जाणवते. काळजाचा ठोका म्हणावा तर हाच.

हां, प्रश्न राहिला. हृदयाला घरचा मराठी शब्द हवा ना? आहे की. हृदयाचे प्राकृतातून घासत घासत 'हिये' झाले, ज्ञानेश्वरीत ते जागोजागी भेटते. त्याच घरातला आपला 'हिय्या'. फक्त आपण त्याला छातीतून काढून धाडसाच्या कामाला लावले आणि रिकाम्या जागी यकृताला बसवले. तेव्हा शुद्धीचा आग्रह असेलच तर 'हिय्याच्या झडपा' लिहा आणि संपादकापुढे ठेवण्याचा हिय्या करून पाहा. नाहीतर हृदय.